पीएचसीतली डिजिटल नोंद आणि टीमचं काम: सीमाभागात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, कागवाड या पट्ट्यातल्या एखाद्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, किंवा उपकेंद्रात रुजू झालात की पहिल्या दिवशी कुणीतरी लॉगिनचा कागद हातात ठेवतं आणि म्हणतं, "बाकीचं हळूहळू येतंय की." बटणं कुठं आहेत ते खरंच हळूहळू येतं. पण तुम्ही भरलेली नोंद पुढं कोण उघडणार आणि त्याला त्यात काय लागणार, हे कुणी शिकवत नाही. आपल्याकडं ती उघडणारा माणूस कधी चार किलोमीटरवरच्या उपकेंद्रात बसलेला असतो, कधी बेळगावच्या सिव्हिलमध्ये, तर कधी थेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात. त्या माणसाला डोळ्यांपुढं ठेवून कामाची घडी कशी बसवायची, ते इथं क्रमानं देतो. डॉक्टर असा, सिस्टर असा, सीएचओ (उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी), लॅब टेक्निशियन किंवा फार्मासिस्ट असा, क्रम तोच.

१. आधी माणसं, मग पोर्टल

कागदावर एक पीएचसी साधारण ३०,००० लोकसंख्येसाठी असतं, डोंगरी भागात २०,००० साठी. उपकेंद्र ५,००० किंवा ३,००० साठी आणि हजार लोकांमागं साधारण एक आशा. एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सच्या, ऑर्डरवर आता 'पीएचसीओ' लिहिलेलं असतं. गावात त्या सिस्टरच.

नोंदी मात्र एका जागी नाहीत. गरोदर माता आणि बाळांची माहिती आरसीएचवर, लसीकरण यू-विनवर, टीबी नि-क्षयवर, बीपी-शुगर-कॅन्सरची तपासणी एनसीडी पोर्टलवर, साथीचे आजार आयएचआयपीवर, दूरसल्ला ई-संजीवनीवर आणि महिन्याचे आकडे एचएमआयएसवर. आयएचआयपीतसुद्धा तीन फॉर्म: सिस्टरचा एस, डॉक्टरांचा पी, लॅबचा एल. म्हणजे एखाद्या गरोदर बाईला टीबी निघाला तर ती दोन पोर्टलवर, दोन वेगळ्या माणसांच्या हातून नोंदली जाते. त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं असतं हे पोर्टल सांगत नाही.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: एका पानावर पोर्टलचं नाव, ते कोण भरतं, किती तारखेपर्यंत भरतं आणि तो माणूस रजेवर असला तर कोण भरतं, हे लिहून भिंतीला लावा. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा निघतो. सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

२. आपलं लॉगिन आपल्याजवळ

डॉक्टरांच्या लॉगिनवर सिस्टर, सिस्टरच्या लॉगिनवर डेटा ऑपरेटर, असं बऱ्याच ठिकाणी चालतं आणि सोयीचंही वाटतं. पण औषध कुणी लिहिलं, कुणी बदललं याची खूण लॉगिनवरूनच राहते. उद्या चौकशी लागली तर ज्याचं नाव, त्याची जबाबदारी. खुर्ची सोडताना लॉग आऊट करा. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली दिसली तर काढा. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

३. रुग्ण नेमका कोण, हे पक्कं करा

इथं मात्र वेळ घाला, कारण सीमाभागात खरी गाठ इथं बसते. नोंदणीच्या खिडकीवर ऐकू येणारं बोलणं असं असतं:

"नाव काय, आज्जी?"
"शांताबाई."
"आधारवर काय आहे?"
"त्यावर शांतव्वा हाय."
"आणि रेशन कार्डावर?"
"ते मालकांच्या नावावर हाय."

एकच आज्जी, तीन नावं. त्यात कर्नाटकातल्या आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं. इंग्रजीत लक्ष्मी कुणी 'केएस' घालून लिहितं, कुणी 'एक्स' घालून. आडनाव कधी शेवटी असतं, कधी नसतंच, कधी त्या जागी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. जन्मतारखेवर विसंबून उपयोग नाही, कारण म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जण कागदोपत्री १ जानेवारीलाच जन्मलेले असतात. आणि मोबाईल नंबर? तो पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा.

लग्न होऊन आलेल्या सुनांचा प्रश्न आणखी निराळा. चंदगड, गडहिंग्लजकडची मुलगी खानापूर तालुक्यात येते, आधारवर माहेरचं नाव आणि महाराष्ट्राचा पत्ता, आणि आशाच्या वहीत सासरचं नाव. वही आणि पोर्टल जुळत नाही, म्हणून कुणीतरी नवी नोंद काढतं. आता एका बाईच्या दोन नोंदी झाल्या. एकीत पहिल्या खेपेचं सिझेरियन आहे, दुसरीत ते नाही.

म्हणून नियम असा ठेवा. नवी नोंद उघडण्याआधी निदान तीन वाटांनी शोधा: मोबाईल नंबर, आधारवरचं नाव आणि गावातलं नाव. सापडलं नाही तर त्या भागातल्या आशाला फोन लावा. कुठलाही सर्व्हर सांगणार नाही ते ती अर्ध्या मिनिटात सांगते. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न बदलता घाला आणि गावात ज्या नावानं ओळखतात ते शेऱ्यात लिहा. मोबाईल कुणाचा, तेही लिहा: 'मुलगा, पुणे' एवढं पुरतं. ओटीपी त्याच्याकडं जाणार आहे आणि तो तेव्हा कामावर असणार आहे, हे खिडकीवरच्या माणसाला आधी कळलेलं बरं.

आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, १४ अंकी असतो. ज्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली तो मिळतो ते २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालं. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी एका माणसाला जोडण्याचं काम तो करतो, म्हणून काढून द्याच. पण तो ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, आणि आभा काढताना संमती घ्यायची ती त्या माणसाला समजेल अशा भाषेत. सोबत आलेल्या नातवानं मान डोलावली म्हणजे आज्जींची संमती झाली असं होत नाही. लोक अजून एक गोष्ट हमखास विचारतात: "माझं सगळं दिल्लीला जातंय काय?" नाही. नोंद जिथं तयार झाली तिथंच राहते. रुग्णानं संमती दिली की दुसरा दवाखाना ती मागवून बघतो.

ओळखीचा हा खटाटोप पैशालाही लागतो. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ची १००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते. खात्याचा तपशील नि-क्षयमध्ये नीट जुळला नाही की रक्कम अडकते, आणि रुग्ण तुमच्या दारात येऊन बसतो.

४. सकाळी उभ्या उभ्या दहा मिनिटं

ओपीडी सुरू होण्याआधी सगळे एकत्र उभे राहा. खुर्च्या मांडल्या की चहा येतो आणि अर्धा तास जातो. तीनच गोष्टी बघायच्या: आज कोण यायला हवं, कुणाचा रिपोर्ट आलाय पण कुणी बघितला नाही, आणि बाहेर पाठवलेल्यांपैकी कुणाची खबर नाही. डॉक्टर मीटिंगला तालुक्याला गेले असतील तर सिस्टरनं सुरू करावं. डॉक्टरांची वाट बघत थांबणारी टीम आठवड्यातून दोनदा तरी थांबून राहते.

ही यादी पोर्टलवरून काढता येते, पण ती वाचून दाखवल्यावर तिच्यात जीव येतो. "हे गृहस्थ महिनाभर बीपीच्या गोळ्या न्यायला आले नाहीत" असं सिस्टर म्हणतात आणि फार्मासिस्ट सांगतात, "ते उसाच्या तोडीवर आहेत, बायको येऊन नेते." ही माहिती कुठल्याच रकान्यात नव्हती. लगेच शेऱ्यात टाका.

५. रुग्ण आत आल्यापासून औषध घेईपर्यंत

ज्यानं बघितलं, त्यानं लिहायचं. वजन, बीपी, शुगर सिस्टर घेतात, तर नोंदही त्यांनीच करायची. डॉक्टरांनी आठवणीनं नंतर भरायची नाही. गोळी बदलली तर डॉक्टरांनी. आणि फार्मासिस्टकडं लिहिलेली गोळी नसल्यामुळं दुसऱ्या ताकदीची दिली, तर त्यांनी तसं नोंदवायचंच. हे शेवटचं फार ठिकाणी राहून जातं. नोंदीत अॅम्लोडिपिन १० आणि पिशवीत ५, हा फरक पुढच्या खेपेला बीपी उतरलं नाही म्हणून नवीन औषध वाढवायला कारण होतो.

आता एक नोंद जवळून बघू. समजा, निपाणीजवळच्या खेड्यातली विडी वळणारी ५२ वर्षांची बाई आली आहे. नोंदीत नेहमी दिसतं ते असं: 'बीपी वाढलेलं. गोळ्या चालू. पुन्हा या.' लिहिणाऱ्याला सगळं आठवतंय तोवर हे चालतं. पण पुढच्या महिन्यात डॉक्टर बदलले, की त्या ओळीतून काहीच हाती लागत नाही. प्रत्यक्षात तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण मजकूर असा हवा:

'बीपी १६४/१००, पाच मिनिटं बसवून पुन्हा १५६/९६. अॅम्लोडिपिन ५ लिहून दिलेली. दहा दिवस घेतलेली नाही, संपल्यावर आणायला कुणी नव्हतं. म्हणून डोस वाढवला नाही. ३० गोळ्या दिल्या. तंबाखू दिवसभर हाताळते, खातेही. तोंड तपासलं, डाव्या गालात पांढरा चट्टा, दंतवैद्याकडं पाठवलं. पुढच्या गुरुवारी आशा घरी जाऊन बीपी बघणार. बोलणं मराठीत, कन्नड समजत नाही.'

यातलं 'म्हणून डोस वाढवला नाही' हे सोनं आहे. काय केलं ते सगळेच लिहितात. काय केलं नाही आणि का, हे पुढच्या माणसाला सगळ्यात जास्त लागतं. आणि शेवटची ओळ शोभेची नाही. फोनवर विचारपूस करणारे कर्मचारी कन्नड बोलणारे असतील तर ही बाई "हूं, हूं" म्हणून फोन ठेवते आणि यादीत 'संपर्क झाला' अशी टिक पडते. भाषा लिहिलेली असेल तर तो फोन मराठी येणाऱ्या माणसाकडं देता येतो.

मागच्या खेपेची नोंद जशीच्या तशी चिकटवू नका. मागच्या महिन्याचं वजन, मागच्या महिन्याची सूज पुन्हा छापली जाते आणि बाई प्रत्यक्षात तीन किलोनं उतरलेली असते. अॅलर्जीचा रकाना मोकळा सोडू नका. विचारलं आणि नाही म्हणाली, तर 'नाही' लिहा. मोकळा रकाना म्हणजे विचारलंच नाही, असा अर्थ होतो. स्क्रीन थोडी रुग्णाकडं वळवून बसा. आपलं नाव चुकलंय हे बऱ्याचदा तेच दाखवून देतात.

तिशीपुढच्यांसाठी आशा सीबॅक हा आजारांची जोखीम मोजणारा फॉर्म भरतात. त्यात ४ च्या वर गुण आले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं असतं. डॉक्टरांनी तो फॉर्म उघडून बघण्याची सवय लावून घ्यावी. आशानं घरात बसून विचारलेलं आणि ओपीडीत दोन मिनिटांत सांगितलेलं यात पुष्कळ अंतर असतं. दारू, तंबाखू, घरातला कॅन्सर या गोष्टी तिथंच बाहेर येतात.

ई-संजीवनीवर सीएचओनं पलीकडच्या डॉक्टरला जोडून दिलं की त्या डॉक्टरला रुग्णाचा चेहरा दिसतो, बाकी तुम्ही लिहिलं तेवढंच. चालू औषधांची यादी न घालता कॉल लावू नका.

६. रिपोर्ट कुणी बघितला?

लॅबनं निकाल भरला म्हणजे तो पोचला, असं धरून चालणं धोक्याचं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली आलं तर तो तीव्र रक्तक्षय. पोर्टलवर तो आकडा इतर आकड्यांसारखाच शांत बसलेला असतो. अशा निकालांची छोटी यादी डॉक्टरांनी लॅबला लेखी द्यावी. त्यातला एखादा निघाला की लॅबनं आधी तोंडी सांगायचं, मग कुणाला आणि किती वाजता सांगितलं ते नोंदवायचं. ऐकणाऱ्यानं आकडा परत म्हणून दाखवायचा. यात लाजण्यासारखं काही नाही. सात आणि आठ फोनवर वाटतात त्यापेक्षा जास्त सारखे ऐकू येतात.

पुढचं काम कुणाचं, हे नावानिशी लिहा. 'फॉलोअप करणे' असं नुसतं लिहिलं की ते सगळ्यांचं होतं, म्हणजे कुणाचंच राहत नाही.

७. रुग्ण सीमेपलीकडं गेला तर

निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, कागवाड-अथणीचा मिरज-सांगलीला, खानापूर-लोंढ्याकडचा कधी गोव्याला. उलट चंदगडचे लोक बेळगावला येतात. राज्याच्या हद्दीचा विचार आजारी माणूस करत नाही, आणि करूही नये. आपल्या नोंदीनं मात्र तो करायला हवा.

पाठवताना कागद द्याच. आभा जोडलेला असला तरी पलीकडच्या तातडीच्या विभागात त्या क्षणी कुणी संमती मागवत बसणार नाही. एका पानावर इंग्रजीत: आजार, औषधांची मूळ नावं आणि डोस, अॅलर्जी, शेवटचे तपासणीचे आकडे, काय विचारायला पाठवलंय, आणि पीएचसीचा असा फोन नंबर जो खरोखर उचलला जातो. कन्नड शिक्का चालेल, कन्नड मजकूर तिकडं कुणी वाचणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात बाई आजऱ्याला किंवा कागलला जाते आणि आपल्या यादीत 'गैरहजर' होते. जाण्याआधीच आशानं विचारून ठेवावं: माहेर कुठलं, कधी जाणार, तिथल्या आशाचा किंवा सिस्टरचा नंबर काय. तायी कार्डावर (गरोदर मातेच्या नोंदीच्या कार्डावर) आरसीएचचा क्रमांक, रक्तगट, हिमोग्लोबिन आणि जोखमीची खूण ठळक करून द्या. बाळंतपण झाल्यावर फोन करून तारीख, बाळाचं वजन आणि पहिल्या लसी आपल्याकडं भरून घ्या. नाही तर बाळ दोन महिन्यांनी परत येतं आणि बीसीजी झाली की नाही यावर सासू आणि सुनेत वाद सुरू होतो. तुम्ही मधे उभे.

टीबीचा रुग्ण गाव सोडून जाणार असेल तर नि-क्षयमधून त्याला नव्या ठिकाणी ट्रान्सफर करता येतं, दुसऱ्या राज्यातसुद्धा. पण तिकडच्यांनी ते स्वीकारलं का, हे फोन करून बघा. दोन्ही यादींच्या मधे लोंबकळलेल्या रुग्णाच्या गोळ्या तुटतात.

साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांची मुलं आपल्या यादीत नसतात, म्हणून ती कुणाचीच नसल्यासारखी राहतात. यू-विनवर लस कुठंही घेता येते आणि तिथंच नोंदता येते. मुकादमाला भेटून दिवस ठरवला की काम होतं. संध्याकाळीच जा, दिवसा फडावर गेलात तर कुणी सापडायचं नाही.

८. नेट गेलं, लाईट गेली

कणकुंबी, जांबोटीकडं पावसाळ्यात हे अधूनमधून व्हायचंच. त्यासाठी छापील कोरे फॉर्म एका फाईलमध्ये तयार ठेवा, रकाने पोर्टलच्याच क्रमानं. नेट आल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी भरा. रुग्ण बघितल्याची वेळ वेगळी आणि नोंद भरल्याची वेळ वेगळी लिहा. कागद लगेच फाडू नका.

९. व्हॉट्सअॅपचा ग्रुप

ग्रुप कामाचा असतो, नाकारण्यात अर्थ नाही. 'उद्या लसी येणार', 'गाडी बंद आहे' यासाठी वापरा. रुग्णाचं नाव, रिपोर्टचा फोटो, आधारचा फोटो तिथं टाकू नका. छोट्या गावात ग्रुपमधलं कुणी ना कुणी त्या घराच्या नात्यातलं असतंच. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा कायदा आहे. फोटो पाठवावाच लागला तर नाव झाकून, थेट त्या डॉक्टरला, आणि काम झाल्यावर गॅलरीतून काढून टाका.

रुग्णानं स्वतःची नोंद मागितली तर टाळाटाळ नको. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत मागणीची पोच देऊन ७२ तासांच्या आत कागद द्यायला सांगितलंय.

१०. बदली झाली की

रिलीव्ह होण्याआधी अर्धा दिवस राखून ठेवा. तुमच्या नावावरची उघडी कामं नव्या माणसासमोर बसून एकेक वाचा: जोखमीच्या गरोदर माता, टीबीचे चालू रुग्ण, बाहेर पाठवलेले, रिपोर्ट यायचे असलेले. जी माणसं नोंदीतून कळत नाहीत, म्हणजे जी फक्त अमुक सिस्टर गेल्या तरच दार उघडतात, तीही सांगा. मग तुमचं लॉगिन बंद करायला तालुका कार्यालयाला लेखी द्या आणि पोर्टलच्या ओटीपीला जोडलेला तुमचा मोबाईल नंबर बदलून घ्या. हे विसरलं की नव्या माणसाला लॉगिनच होत नाही, आणि तो रोज सकाळी साडेनऊला तुम्हाला फोन करून ओटीपी विचारत राहतो.